तिसरं नाव

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी आमच्या क्लासची. दर जानेवारीत मुलांना वाटायला म्हणून सर छापून घेतात आणि दरवर्षी गठ्ठाभर उरतात. मी तिथे ऑफिसात बसते. फोन घेते, पालकांचे निरोप मुलांना आणि मुलांचे सरांना पोचवते. दिवसाला पन्नास-साठ तरी होत असतील. म्हणून एक डायरी मलाही मिळाली. प्रत्येक पानाच्या तळाशी यशाबद्दल एकेक वाक्य छापलंय, मी त्याच्यावरूनच लिहिणार.

लिहायला घेतलं कारण हॉस्टेलच्या जिन्यात आज कागद लागला. इमारत पाडून नवी होणार आहे, अठ्ठावीस तारखेच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात, सबबी सांगू नयेत. 'सबबी सांगू नयेत' खाली दोन रेघा. चौदा मुली एकदम रस्त्यावर, आणि तेही सदाशिव पेठेत, जिथे परीक्षांच्या अभ्यासाला सगळा महाराष्ट्र आधीच येऊन बसलाय.

आमच्या खोलीतल्या तिघींनी ठरवलं की घर एकत्रच घ्यायचं. मी, प्रियदर्शनी आणि मैना. प्रियदर्शनी नागपूरची, खराडीला आयटीत आहे, दिवसातले सात तास कानात काहीतरी घालून इंग्रजी बोलत असते. मैना दिग्रसची. इथेच मागच्या गल्लीत मुनव्वरभाईंच्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. मी कारंज्याची. म्हणजे मैना आणि मी शेजारशेजारच्या जिल्ह्यांतल्या. पण मला पुण्यात सहा वर्षं झाली, माझ्या बोलण्यावरून आता कुणाला गाव कळत नाही. तिचं पहिल्या वाक्यात कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवसांत अकरा घरं. त्यातली सात आम्ही पोचेपर्यंत गेलेली. एजंट सांगतो, 'ताई, आत्ताच टोकन दिलं, पाच मिनिटं आधी आला असतात तर.' सगळीकडे पाच मिनिटंच.

नारायण पेठेतल्या एका घराला जिन्यापासून रांग होती. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि एकेकाला विचारत होत्या. आमचा नंबर आल्यावर म्हणाल्या, "मुलगे येतात का भेटायला?"

"नाही हो," मी म्हटलं.

"सगळ्या असंच म्हणतात. मांसाहार?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मैना म्हणाली, "रविवारी खातो नं बाई. खोटं कायले बोलू?"

बाई म्हणाल्या, "खरं बोललात, आनंद वाटला. पुढचे कोण आहेत?"

परत येताना मी मैनाशी बोलले नाही. दोन मिनिटं गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? प्रियदर्शनी म्हणाली, "चिल, नम्रता, इट्स जस्ट अ फ्लॅट." हिचा पगार आमच्या दोघींच्या बेरजेएवढा. हिला चिल परवडतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

घर मिळालं. मैनामुळे मिळालं, ते लिहिलं पाहिजे.

झालं असं की मागच्या महिन्यात लॅबमध्ये दत्तप्रसाद लिमये म्हणून एक काका धावत आले होते. वरची कवळी मधोमध तुटलेली आणि दुसऱ्या दिवशी नातीचा साखरपुडा. मुनव्वरभाई गावाला गेलेले. मैनानं जेवायला न जाता संध्याकाळपर्यंत ती जोडून दिली. काल काका कवळी घासून घ्यायला परत आले, तेव्हा हिनं सहज विचारलं की कुठे घर आहे का. त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं एक बेडरूम-हॉलचं घर रिकामं होतं, आणि पाटी लावली की झुंड येते म्हणून त्यांनी ती लावलीच नव्हती.

आज तिघी गेलो. काकांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मैनाला म्हणाले, "माझे दात जिनं सरळ बसवले ती माझं घर वाकडं करणार नाही. बाकी या दोघी कोण?"

मग नियम सांगितले. भाडं एक तारखेला. दोन तारखेला ते आठवण करत नाहीत, तीन तारखेला करतात. आणि राहायचं तिघींनीच. तीन म्हणजे तीन. चौथी आली तर पाहुणी म्हणून, आठ दिवस.

घराला पूर्वेची खिडकी आहे. मला रडूच आलं. मैनानं जिन्यात माझा हात धरला आणि म्हणाली, "आता तरी बोल माह्याशी." मी बोलले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज करार झाला. योगेश नावाचा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन घरीच आला. काकांचं बोट दुसऱ्या खेपेला उमटलं. माझं पहिल्या. प्रियदर्शनीचं पहिल्या.

मैनाचं उमटेना. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग सगळी बोटं. मशीनवर तांबडाच दिवा. योगेश म्हणाला, "ताई, बोट कपाळावर घासा, तेलकट होतं." तिनं घासलं. नाकावर घासायला सांगितलं, तेही केलं. साबणानं हात धुऊन आली. काही नाही. पाच वर्षं ओलं प्लास्टर आणि घासायचं मशीन, बोटांवरच्या रेषाच गेल्यात तिच्या. ती हसायला लागली. "मुनव्वरभाईचे पण गेलेत. रेशनले त्यांच्या बायकोले जावं लागते."

काका चष्मा वर करून म्हणाले, "माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बोटांवर रेषा आहेत आणि हिच्या सव्वीस वर्षांच्या बोटांवर नाहीत. मग आज राहू दे. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात! उद्या हॉस्टेल बंद. बॅगा भरून ठेवलेल्या. मी म्हटलं, "काका, आत्ता आमच्या दोघींच्या नावानं करून टाकू या. मैनाचं नाव नंतर घालता येईल ना?"

योगेश म्हणाला, येईल, पण परत सगळ्यांचे अंगठे लागतील, काकांचाही.

काकांनी मैनाकडे बघितलं. ती म्हणाली, "करा नं काका. नाव काय, राहायचं तर हायेच."

काही चुकीचं बोलले नाही मी. त्या वेळी तेच सुचण्यासारखं होतं. फक्त ती आपली बोटं ओढणीला पुसत बसली होती, किती तरी वेळ, ते सारखं डोळ्यांसमोर येतंय.

६ मार्च, गुरुवार

घर लागलं. खिडकीखालची जागा मैनानं मला दिली. ती साडेपाचला उठते, बादल्या वाजवते आणि फोनवर आईशी एवढ्या मोठ्यानं बोलते की दिग्रसला फोनशिवायही ऐकू जाईल. ठेचा, कच्चा कांदा, ज्वारीची भाकरी. वास पडद्यांत बसतो. मला तो वास आवडतो खरं तर, आमच्या घरचाच आहे, पण समोरच्या वहिनी दार लावून घेतात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काका खाली उतरताना हाक मारतात ती 'मैना' अशीच. परवा वाण्याला सांगत होते, "हे मैनाच्या घरी द्या." करारात नाव माझं आहे.

तिनं ग्लिसरीनची बाटली आणलीय. जेवण झालं की एकेक बोट चोळत बसते. "एक महिना चोळलं की रेषा येतात म्हने. मग नाव घालू."

१८ मार्च, मंगळवार

दुपारी योगेशचा मेसेज आला. आहे तसा उतरवते.

'ताई, बोटं न उमटणाऱ्यांसाठी डोळ्याचं मशीन शनिवारी अकरा वाजता मिळतंय. मैनाताईंचं नाव घालून टाकू, वेगळे पैसे नकोत, चूक मशीनची होती. काकांचाही अंगठा लागेल आणि ते मंगळवारी कॅनडाला मुलीकडे जाताहेत, म्हणजे आता शनिवार नाहीतर एकदम सप्टेंबर. मैनाताईंचा नंबर माझ्याकडे नाही, तेवढा निरोप द्या.'

'देते' असं कळवलं.

संध्याकाळी आईचा फोन. मैत्रीची बारावीची परीक्षा संपली. माझी धाकटी, हुशार आहे, तिला पुण्यातच शिकायचंय. आई म्हणाली, "तुह्याजवळच ठेवशीन नं तिले? हॉस्टेलात टाकायचं मन होत नाही माह्यं." मी म्हटलं, बघू. आई म्हणाली, "बघू काय, सख्खी बहीण हाये ते तुही."

काकांचे नियम आईला सांगितले नाहीत. तीन म्हणजे तीन.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. एकाच दिवशी आल्या एवढंच. मैना लॅबमधून आली तेव्हा दमलेली होती, डोक्यावर प्लास्टरची भुकटी. उद्या सांगेन.

१९ मार्च, बुधवार

प्रियदर्शनीचा वाढदिवस, केक वगैरे. बोलायला मिळालं नाही. उद्या सांगेन.

२२ मार्च, शनिवार

लिहू की नको असा विचार करत होते. पण ही डायरी कुणी वाचणार नाही.

आज लॅबला सुट्टी होती. मैना घरीच. सकाळी म्हणाली, "चल, फरशी काढू आज." दहा वाजता तिनं पाण्यात फिनेल टाकलं. मी घड्याळ बघत होते. साडेदहापर्यंत सांगितलं असतं तरी चाललं असतं, योगेश तर दोन मजले वर काकांकडेच येणार होता. पायरी चढायचा अवकाश.

दहा पन्नासला त्याचा मेसेज. 'येताय ना?'

मैना पुढ्यात बसून फडकं पिळत होती. मी लिहिलं, 'तिला सुट्टी नाही मिळाली. सप्टेंबरमध्ये करू.'

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हटलं, "कोपरे मी करते, तू बस. रोज राबतेस." सगळे कोपरे मीच पुसले. पलंगाखालचे, कपाटामागचे. नंतर तिच्यासाठी चहा केला, आलं घालून, तिला आवडतो तसा. ती माझ्याकडे बघून हसत होती. म्हणाली, "आज काय झालं तुले?"

जिन्यात योगेश उतरल्याचा आवाज आला तेव्हा मी मिक्सर लावला.

सप्टेंबर काही फार लांब नाही. तोवर राहायचं तर आहेच, असं ती स्वतःच म्हणाली होती.

२५ मार्च, मंगळवार

काका गेले. मैनानं त्यांना जुन्या कवळीची दुरुस्ती करून डबीत घालून दिली, तिकडे अडलं तर असावी म्हणून. मी रिक्षात बॅगा ठेवायला मदत केली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सांभाळा एकमेकींना." माझ्याकडेच का बघितलं असेल?

१४ एप्रिल, सोमवार

ग्लिसरीनची दुसरी बाटली. मैना खिडकीशी बसून बोटं उजेडात धरते आणि मला दाखवते. "पाह्य, ही रेष आली का नाही?" मी पाहते आणि म्हणते, आली. कधी खरंच दिसल्यासारखी वाटते. ती तेव्हा एवढी खूश होते की मला जेवण जात नाही.

सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण आता काय सांगायचं? तेव्हा सांगितलं असतं तर निरोप होता. आता सांगितलं तर कबुली होते.

५ मे, सोमवार

मैत्रीला एक्क्याऐंशी टक्के. मैनानं पेढे आणले, माझ्याही आधी.

८ जून, रविवार

सोसायटीच्या फळ्यावर नोटीस. करारात आणि पोलीस पडताळणीत ज्यांची नावं नाहीत अशा व्यक्तींना पंधरा तारखेनंतर राहता येणार नाही. पलीकडच्या इमारतीत काही चोरी झाली म्हणे.

नोटीस कालची. पण मागच्या आठवड्यात सेक्रेटरी, अभय कुलकर्णी, जिन्यात भेटले होते आणि कराराची प्रत मागितली होती. मी लगेच वर जाऊन आणून दिली. काका आल्यावर बघा असं सांगता आलं असतं. ते मला आज सुचतंय.

आज तिघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद पुढे ठेवला. "नावं दोन. माणसं तीन. हे गणित मी कमिटीला कसं सांगू?"

मैना म्हणाली, "साहेब, माह्ये बोटं उठले नाहीत मशीनवर. काकाले इचारा, मले त्यांनी सोताहून घर देल्लं."

कुलकर्णी माझ्याकडे वळले आणि विचारलं, "या काय म्हणताहेत?" जणू ती दुसऱ्या देशाची भाषा बोलत होती आणि मी दुभाषी. मी शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. अगदी शुद्ध. माझीच मला किळस आली.

ते म्हणाले, मालक परत येईपर्यंत काही करता येणार नाही. उठताना मी विचारलं, "माझी बहीण येणार आहे, शिकायला. तिचं काय?"

"सख्खी का? मग घरचीच की. ओळखपत्राची प्रत द्या, काका आले की नाव घाला."

हे मी मैनाच्या देखत का विचारलं? नंतर एकटी जाऊन विचारता आलं असतं. प्रियदर्शनी जिन्यात म्हणाली, "दिस इज सो अनफेअर यार." मग तिची मीटिंग होती.

१० जून, मंगळवार

संध्याकाळी काकांना व्हिडिओवर फोन लावला, तिकडे सकाळ. फोन माझ्या हातात, मैना ओट्याशी वरण फोडणीला टाकत होती. काका चिडले. "कुलकर्ण्याला मी पत्र लिहितो, पण तो ऐकायचा नाही, त्याला नियमाशिवाय दुसरं करमणुकीचं साधन नाही. अगं पण मी निघायच्या आधीच्या शनिवारी त्या योगेशनं मशीन आणलं होतं की. मैनाला सुट्टी नव्हती म्हणे. एक दिवस मागून घ्यायची होती."

नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. मी फोन कानाशी धरला आणि बाहेर गॅलरीत गेले.

आत आल्यावर मैनानं विचारलं, "काय म्हनले काका?"

"म्हणाले, आल्यावर करू."

तिनं मान हलवली आणि वरणात मीठ घातलं. निरोप पोचवणं हे माझं काम आहे. त्याचा पगार मिळतो मला.

१५ जून, रविवार

मैना गेली. येरवड्याला मुनव्वरभाईंच्या मेहुणीच्या ओळखीनं एका खोलीत कॉट मिळालीय, खोलीत सहाजणी. लॅबला यायला दोन बस. दोन पिशव्या, एक ट्रंक आणि भाकरीचा तवा. तवा ठेवून जात होती, "मैत्रीले लागन," म्हणून. मी जबरदस्तीनं दिला. निदान तवा तरी.

मी रिक्षापर्यंत गेले. ती म्हणाली, "तू कायले रडते? तुह्या हातात होतं का काही?"

मी मान हलवली. नाही अशी. सगळ्यात मोठं खोटं मी एकही शब्द न बोलता सांगितलं.

१ जुलै, मंगळवार

मैत्री आली. खिडकीखालची जागा मी तिला दिली. न्हाणीघरात ग्लिसरीनची अर्धी बाटली राहिलीय. मैत्री म्हणाली, "ताई, ही कोणाची? टाचांना लावू?" मी तिच्यावर एवढी खेकसले की ती बिचारी पहिल्याच दिवशी जेवली नाही.

१७ जुलै, गुरुवार

आज क्लासमध्ये असताना अनोळखी नंबर. बाईंनी नावसुद्धा सांगितलं नाही.

"शनिवार पेठेतून घरमालकीण बोलतेय. मैना नावाची मुलगी तुमच्याकडे राहत होती का? एक खोली द्यायचीय, तिनं तुमचा नंबर दिलाय."

माझा नंबर! मी म्हटलं, "हो. फार चांगली मुलगी आहे."

"सगळ्या चांगल्याच असतात. स्वच्छता?"

"आमच्यापेक्षा जास्त."

"मग गेली का? चांगली भाडेकरू कुणी सोडत नाही."

एवढं बोलून थांबायचं होतं. 'सोसायटीचा नियम आला' एवढं पुरलं असतं. पण महिन्याभरात मला कुणी सरळ विचारलंच नव्हतं की ती का गेली. मी सांगत सुटले. मशीन, शनिवार, माझी बहीण, फरशी. समोर दोन पालक फी भरायला उभे होते, त्यांच्याकडे पाठ करून मी एका परक्या बाईला सगळं सांगितलं. "तिचा काही दोष नाही हो, सगळं मी केलं," असं दोनदा म्हटलं.

त्या म्हणाल्या, "बरं. कळलं."

फोन ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं. घरी येताना मैत्रीसाठी भेळ घेतली. कुणाला तरी सांगितलं एकदाचं.

१९ जुलै, शनिवार

मैनाचा फोन. "त्या बाईले काय सांगतलं तूनं?"

"का?"

"नाही म्हनली. म्हने, मागच्या घरी भानगडी झाल्या होत्या, कोणाची चूक ते मले घेनंदेनं नाही, मले घरात शांतता पाह्यजे. कोनती भानगड, नम्रता? म्या काय केलं?"

मी म्हटलं, बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

"लॅबपासून चार मिनटांवर होती खोली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला हलकं वाटावं म्हणून तिची खोली गेली.

२० जुलै, रविवार

मुनव्वरभाईंची लॅब रविवारीही अर्धा दिवस चालू असते. गेले. मुनव्वरभाई दारातच भेटले, म्हणाले, "आओ बेटा, ती आत हाये. आजकाल जेवत नाही बरोबर, जरा बोला तिच्याशी." मला वाटलं परत फिरावं.

मैना एका लाकडी बाकावर बसून कवळी घासत होती. समोर ओळीनं लोकांचे दात. मी उभ्यानंच सांगितलं. या खेपेला एका दमात नाही, अडखळत. योगेशचा मेसेज आला होता. तुझ्यासाठी होता. शनिवारी डोळ्याचं मशीन येणार होतं. मी दिला नाही. मैत्री येणार होती म्हणून दिला नाही. काका फोनवर बोलले तेही मी तुला सांगितलं नाही. आणि त्या बाईंना हे सगळं सांगून बसले.

तिनं मशीन बंद केलं.

"कोनता शनिवार?" तिनं विचारलं.

"बावीस मार्च."

"त्या दिवशी मले सुट्टी होती."

"हो."

"आपन फरशी काढली त्या दिवशी. तूनं कोपरे पुसले. चहा केला मले, आलं टाकून."

मी मान हलवली. हो अशी.

"त्या दिवशी म्या आईले फोन केलता," मैना म्हणाली. "म्हनलं, आता माही काळजी करू नको. नम्रता बहिनीवानी जीव लावते मले."

मी माफी मागायला लागले तर तिनं हात वर केला. बोटं पांढरी, गुळगुळीत. म्हणाली, "आता जा. मशीन लावतो, धूळ उडते." तिनं मशीन लावलं आणि मी तिथून निघाले. मुनव्वरभाई चहा मागवत होते, तीन कप सांगितले होते त्यांनी.

२३ ऑगस्ट, शनिवार

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते लिहून झालं होतं. मैनाला तीनदा फोन केला, उचलला नाही. ते बरोबरच आहे.

आज दुपारी योगेशचा मेसेज आला.

'ताई, काका बारा सप्टेंबरला येताहेत. तेरा तारखेला, शनिवारी, डोळ्याचं मशीन घेऊन येतो. तिसरं नाव कुणाचं घालायचं ते कळवा. तीनच घालता येतील, काकांनी परत सांगितलंय.'

मैत्री माझ्या शेजारीच बसली होती, कॉलेजची वही काढून. गेल्या आठवड्यात तिनं खिडकीला स्वतःच्या हातानं पडदा शिवून लावलाय. मेसेज वाचल्यावर मी एकदा तिच्याकडे बघितलं. मग तो मेसेज तसाच्या तसा मैनाला पुढे पाठवला. खाली लिहिलं, 'नाव तुझं. मी योगेशला कळवलंय.' आणि योगेशलाही कळवलं, त्याच मिनिटाला, नाहीतर परत उद्या झालं असतं.

संध्याकाळी सहा वाजता दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तिनं वाचलं. उत्तर आलेलं नाही. येईल असं मला वाटत नाही, पण निरोप पोचला.

मैत्री आत्ता कुकर लावतेय. विचारत होती, दिवाळीला आईला इथेच बोलवू या का, घर दाखवायला. मी म्हटलं, बघू.

तिला उद्या सांगेन.